रविवारची मांडी गुरुवारपर्यंत

लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी माझ्या ताटातला मटणाचा तुकडा काट्याने उचलून परत नेला.

मी काही चोरी केली नव्हती. टेबलाच्या मधोमध बकऱ्याची अख्खी मांडी होती, ओव्हनमधून नुकतीच बाहेर आलेली, जागोजाग लसूण खोचलेली, आणि तिच्याच चरबीत खालचे बटाटे तांबूस झालेले. वास असा, की शिकलेल्या माणसानेही चमचा टाकून हाताने सुरुवात करावी. सासूबाईंनी प्रत्येकाला दोन दोन काप वाढले. काप कसले, खिडकीला लावले असते तर पलीकडचा रस्ता दिसला असता. मी ते बघता बघता संपवले, आणि मांडीच्या कडेला एक बऱ्यापैकी जाड तुकडा एकटाच पडला होता, तो आपला मी घेतला.

सासऱ्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. नणंदेने डोळे मिटून घेतले. धाकटा दीर, ज्याला घरात सगळे बोका म्हणतात, माझ्याकडे इतक्या आदराने बघायला लागला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

"अगं, तो बुधवार आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काय आहे?"

"बुधवार. बुधवारचा तुकडा तो. ठेव परत."

मला काही उमगायच्या आत काटा आला आणि बुधवार गेला.

खोलीत गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "तुझी आई कंजूष आहे."

"छे," तो म्हणाला. "कंजूष माणूस मटण आणतच नाही. आई आणते, आणि मग आठवडाभर आपल्याला ते दाखवते."

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. न दिसणाऱ्याला दिसायला लावणं हा माझा धंदा. पण या घरात नेमकं काय चाललंय हे मला स्वतःला दिसायला बराच वेळ लागला.

सासूबाई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायच्या. शाळेचे, दवाखान्याचे, चौकीदारांचे गणवेश. तागा उलगडायचा, खडूने आखायचं, आणि दोन पँटींच्या मधल्या बेचक्यात एखादा खिसा, खिशाच्या कडेला कॉलरची पट्टी असं बसवत जायचं. त्यांच्या टेबलाखाली चिंधी सापडली तर मुकादम ती आठवण म्हणून घरी नेत असेल. दिवसा कापड बेतायचं, संध्याकाळी जेवण बेतायचं. हत्यार दोन्हीकडे तेच, धारदार पातं आणि कुणावरही विश्वास न ठेवणारी नजर. मटणसुद्धा त्या कापडासारखंच हाताळायच्या. आधी बोटाने चाचपून धागा कुठे जातोय ते बघायचं, मग त्याला आडवं, जरा तिरकं, शिंप्यांच्या भाषेत उरेब कापायचं. "सरळ कापलंस तर चिवट लागतं," त्या मला म्हणाल्या, "आणि चिवट लागलं की लोक चावत बसतात, मग भूक वाढते." हे शास्त्र खरं की खोटं मला माहीत नाही. त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, कारण सुरी नेहमी त्यांच्याच हातात असायची.

हे सगळं सुरू झालं ते सासऱ्यांच्या पायावरून. सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. एका मोठ्या कचेरीतली लिफ्ट दुरुस्त करून ते अभिमानाने तिच्यातून खाली आले, आणि जरा जास्तच वेगाने आले. पाय मोडला. कंपनीने फुलं पाठवली आणि पगार थांबवला. घरात एक प्लास्टरमधला नवरा आणि तीन वाढती पोरं. त्या वयाची पोरं जेवत नाहीत, धाड घालतात. शेजारच्या बायकांनी सल्ला दिला, मटण बंद करा, आधी भाकरीचं बघा. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि रविवारी मांडी घेऊन यायच्या.

"आठवड्यातून एकदा टेबलावर काहीतरी अख्खं यायलाच हवं," त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. "रोज तुकडेच बघितले की पोरं तुकड्यावर भांडायला शिकतात. एकदा अख्खं बघितलं की मग तुकडा मिळाला तरी चालतो."

सासऱ्यांचा पाय बरा झाला, पगार सुरू झाला, पोरं कमावती झाली, तरी मांडीचा कायदा तसाच राहिला. रविवारी काप. सोमवारी तेच काप थंड, पावात, कच्चा कांदा आणि झणझणीत मोहरी लावून, प्रत्येकाच्या डब्यात. मंगळवारी बटाट्या-वाटाण्यात मटणाच्या फोडी, इतक्या बारीक की वाटाणा त्यांच्यापुढे पाटलासारखा बसलेला असायचा. बुधवारी उरलंसुरलं कुटून खिमा, त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचं जाड पांघरूण, आणि ते सगळं ओव्हनमध्ये. पांघरूण उचलून खाली नक्की कोण झोपलंय हे बघायला सासूबाईंची परवानगी नव्हती. गुरुवारी हाड, मसूर, कांदा आणि गाजर घालून दुपारपासून मंद शिजवलेलं. शुक्रवार-शनिवार डब्यात साठवलेल्या चरबीत परतलेला पाव, म्हणजे मटण नव्हे, मटणाची आठवण.

या व्यवस्थेला खरा धोका बोक्याचा. तो पोहण्याच्या तलावावर शिकवायचा. दिवसभर पाण्यात भिजून आलेला तो धिप्पाड देह संध्याकाळी फ्रिजचं दार उघडून नुसता उभा राहायचा, लोक देवळात उभे राहतात तसा. सासूबाईंनी कुलूप लावलं नाही. त्यांनी मटणाच्या डब्यावर कोबी ठेवला. कोबीला हात लावला की "आता लागलाच आहे हात तर चिरून दे" असं ऐकू येणार हे बोक्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यामुळे आमच्या घरात कोबी कधी शिजला नाही, तो पहाऱ्यावरच म्हातारा व्हायचा.

तर अशा घरात एका सोमवारी नणंदेने जाहीर केलं की तिचं ठरलंय.

नणंद रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. मुलगा कोण, तर आमच्याच मटणवाल्याचा. दोघांचाही धंदा रक्ताचाच, तेव्हा जमायला वेळ लागला नसावा. पण ते नाव ऐकून सासूबाईंच्या हातातला पाव तसाच राहिला.

"सत्तूरचा?"

मटणवाल्याला सगळा मोहल्ला सत्तूर म्हणायचा. हाडं तोडायच्या हत्यारावरून म्हणायचा की आवाजावरून, ते सांगणं कठीण. माणूस दाराएवढा रुंद, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि दुकानात बोलायला लागला की रस्त्यावरची कुत्री शेपूट हलवायची. सासूबाईंचं आणि त्याचं काउंटरवरचं भांडण मोहल्ल्यात फुकट करमणूक म्हणून प्रसिद्ध होतं. "चरबी काढू नका." "बाई, लोक चरबी काढा म्हणून पाया पडतात!" "लोकांना दोन घास खायचेत, मला आठवडा काढायचाय. आणि हाड तोडू नका. अख्खं द्या." "अख्खं हाड पिशवीत मावत नाही!" "पिशवी माझी आहे. बोट काढा तराजूवरचं."

"मुलगा बरा आहे," सासूबाई शेवटी नणंदेला म्हणाल्या. "बापाचं बोट मी बघते. रविवारी बोलाव जेवायला."

रविवार का, हे सांगायला नको. रविवारी मांडी अख्खी असते. त्या एका दिवशी आमचं घर श्रीमंत दिसतं.

पण रविवार हा मटणवाल्याच्या धंद्याचा दिवस. सत्तूरने मुलाकरवी निरोप पाठवला की रविवारी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, दुकान गुरुवारी बंद, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी येतो. हा निरोप नणंदेला मिळाला. तिने तो आईला सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून मिटलं. रक्ताच्या बाटल्या न घाबरता हाताळणारी मुलगी आईला गुरुवार सांगायला घाबरली. परिणाम असा, की गुरुवारी सूर्य मावळायच्या बेतात असताना दारात सत्तूर उभा, अंगावर लग्नाला घालतात तसा कोट, हातात फुलं, मागे लाजणारा मुलगा. आणि आत पातेल्यात हाड.

"या, या," सासरे म्हणाले आणि घरातल्या एकमेव चांगल्या खुर्चीत स्वतःच बसले. घाबरले की ते असंच करतात.

सासूबाई मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. नणंद आधीच तिथे भिंतीला टेकून रडायच्या तयारीत होती.

"मी बोक्याला पाठवून मटण आणवू का?" मी विचारलं.

"कुठून? मोहल्ल्यात धड दुकान एक, त्याचा मालक बाहेर बसलाय, आणि दुकानाला कुलूप." त्या नणंदेकडे वळल्या. "रडायचं असेल तर कांदा चिरत रड. डोळ्यांचा उपयोग होईल."

पुढचा तासभर त्या स्वयंपाकघरात मी जे बघितलं, ते कुठल्याही शस्त्रक्रियेच्या खोलीत दाखवायला हरकत नाही. हाड पातेल्यातून बाहेर आलं. सासूबाईंनी ते कपडा पिळावा तसं फिरवून फिरवून खरवडलं. सांध्याच्या खाचेतून, पोकळीतून, मला वाटलं होतं तिथे फक्त विज्ञान असेल, तिथूनसुद्धा मटण निघालं. मूठभर झालं. त्यात उकडलेले बटाटे, कांदा, मिरी, त्याचे कटलेट. बटाटा राजा आणि मटण त्याचा दूरचा नातेवाईक, पण वासाला नातं पुरेसं होतं. नळीतला मगज काढून गरम पावावर फासला. हाड परत मसुराच्या सुपात गेलं. चरबीच्या डब्याचा तळ खरवडून त्यात कटलेट तळले, आणि खिडकी उघडून ठेवली, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं आज काहीतरी मोठं आहे.

टेबलावर सत्तूर एकदम गप्प झाला. पहिल्यांदाच त्याला गप्प बघून बोका हळूच नाडी बघावी तसं त्याच्याकडे वाकून बघत होता. सूप संपलं. कटलेट संपले. पावाचा शेवटचा तुकडा त्याने वाटीच्या कडेने फिरवून स्वच्छ केला.

"हे मटण कुठलं?" त्याने विचारलं.

नणंदेचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईंनी मान वर केली. "तुमचंच. रविवारी नेलेलं."

"मागच्या रविवारी तुम्ही एकच मांडी नेली होती."

"एकच नेते मी."

"आणि ती आज..." तो बोटांवर दिवस मोजायला लागला, मध्येच सोडून दिलं. "म्हणजे मी इथे कोट घालून माझंच हाड खाल्लं?"

सासरे खुर्चीत अजून आत सरकले. मी मनातल्या मनात नणंदेसाठी धीराचे शब्द जुळवत होते.

"अजून आहे का?" सत्तूर म्हणाला.

"नाही."

"असं कसं नाही?"

"असतं तर गुरुवार कशाला म्हटला असता?" सासूबाई म्हणाल्या.

सत्तूर हसायला लागला. तो हसला तेव्हा खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. मग तो बोलायला लागला, आणि कळलं की बायको गेल्यापासून बाप-लेक रोज चॉप तव्यावर टाकतात आणि उभ्यानेच खातात. दुसरं काही येतच नाही. एवढं मटण विकणारा माणूस, पण त्याच्या घरी रोज एकच जेवण, एकाच चवीचं. हाडापासून सूप होतं हे त्याला माहीत होतं, जसं आपल्याला माहीत असतं की समुद्रात देवमासे असतात.

लग्न झालं. आणि आमचे वाईट दिवस सुरू झाले.

व्याही म्हणून सत्तूरने मन मोठं केलं. दर दोन-तीन दिवसांनी दुकानातून सायकलवर पार्सल यायचं, फुकट. मांडी, वर चॉप, वर कलेजी, आणि एकदा तर कोटाएवढा फरा, म्हणजे अख्खा खांदा. सुरुवातीला आम्ही वेडेच झालो. मी एका रविवारी बुधवार, गुरुवार आणि नंतरचा आठवडा एका बैठकीत खाल्ला. बोका पोहण्याच्या तलावात उतरला की पाणी बाहेर यायला लागलं. नवऱ्याचे पट्टे आखूड झाले. सासऱ्यांच्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला. डॉक्टर म्हणाले हा राजेरजवाड्यांचा आजार, आणि सासरे आयुष्यात पहिल्यांदा राजेरजवाड्यांत गणले गेल्यामुळे काही दिवस लंगडतसुद्धा दिमाखात होते.

सासूबाई मात्र दिवसेंदिवस काळवंडत चालल्या.

"चॉपचं काय करायचं?" त्या एकदा माझ्यापुढे चॉपचा ढीग ठेवून म्हणाल्या. "एका माणसाला एक. त्यात बेतायला काय आहे? हे कुत्र्यालाही करता येईल."

ज्या हातांना बेतायला काही उरत नाही ते हात गप्प बसत नाहीत. त्यांनी आंघोळीचे टॉवेल मधून कापून दोन केले. टॉवेल मोठे आहेत, निम्म्यात भागतं, म्हणे. मी अर्ध्या टॉवेलात अर्धीच पुसली जायचे आणि उरलेली वाऱ्यावर सुकायचे. चादरी मधोमध फाडून, कडेच्या बाजू आत घेऊन परत शिवल्या. साबणाच्या वड्या दोऱ्याने कापल्या. एके दिवशी नवऱ्याने पाहिलं, तर त्या त्याच्या मोज्यांकडे एकटक बघत बसल्या होत्या, आणि त्याने ते मोजे तिथून उचलून कपाटात लपवले.

शेवटी डॉक्टरांनी सासऱ्यांना रोजचं मटण बंद करायला सांगितलं. त्या दिवशीचं पार्सल सासूबाईंनी उघडलंच नाही. तसंच काखेत मारलं आणि दुकानात गेल्या. मी मागोमाग गेले, कारण असं काही चुकवायची माझी तयारी नव्हती.

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. सासूबाईंनी पार्सल काउंटरवर ठेवलं.

"हे घ्या परत, व्याहीबुवा. आता पाठवू नका."

सत्तूरचा सत्तूर हवेत थांबला. "का? माझ्या मटणात खोट निघाली?"

"मटणात नाही. रोज आहे त्यात खोट आहे."

"मी प्रेमाने पाठवतो आणि तुम्ही चारचौघांत परत आणता?"

"मग काय लपूनछपून आणू? मी विकत घेईन. एक मांडी, रविवारी, तुमचं बोट वगळून."

गिऱ्हाइकांमध्ये कुणीतरी हसलं, आणि ते हसणं सत्तूरच्या वर्मी लागलं. तो म्हणाला, या दुकानात माझ्या बोटाबद्दल बोलणाऱ्याला मटण मिळणार नाही. सासूबाई म्हणाल्या, बरं.

आता सांगायला सोपं आहे, पण तो काळ वाईट गेला. नणंद दोन घरांच्या मधे लोंबकळत राहिली. इकडे आली की सासरा वाईट म्हणून ऐकायचं, तिकडे गेली की आई. तिच्या सासरी अजूनही चॉप आणि चॉपच, आणि आईचं सूप करायला जावं तर सत्तूर पातेल्याकडे पाठ फिरवून बसायचा. आमच्याकडे सासूबाई लांबच्या एका दुकानातून मटण आणायला लागल्या. ते मटण कसलं, ज्या बकऱ्याचं होतं तो बहुधा पोस्टमनकी करून निवृत्त झाला असावा. "आई," बोका एकदा चावता चावता म्हणाला, "याला टाचसुद्धा आहे." सासूबाईंनी त्याच्याकडे बघून तो तुकडा स्वतः तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या. थुंकल्या नाहीत. पण मला दिसलं, त्यांचे डोळे भरले होते. मोहरीमुळे, त्या म्हणाल्या. त्या दिवशी मोहरी नव्हती.

हे मिटवलं ते सत्तूरच्या शीतगृहाने. ऐन उन्हाळ्यात, जोडून सुट्ट्या होत्या त्या आठवड्यात, दुकानाच्या मागची ती थंड खोली मटणाने गच्च भरलेली असताना बंद पडली. मेकॅनिक सुट्टीवर. सकाळी नणंद धापा टाकत दारात. "बाबांनी पाठवलेलं नाही," ती आधीच म्हणाली. "ते नुसते खोलीत जाऊन बसलेत."

सासऱ्यांनी हत्यारांची पेटी उचलली. ते गेले, मोटर उघडली, वास घेतला आणि टोपी काढली. "ही गेली," ते म्हणाले. "लिफ्ट असती तर काहीतरी केलं असतं."

शीतगृहात सत्तूर खरंच एका स्टुलावर बसला होता, चारी बाजूंनी टांगलेली धडं, आणि मधे हा, जणू त्याचाही नंबर येणार होता. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं आता बोटाचा विषय निघणार. त्या टांगलेल्या मटणाकडे बघत होत्या, ताग्याकडे बघावं तसं, कडेपासून कडेपर्यंत.

"बर्फ किती मिळेल?" त्यांनी विचारलं.

"दुपारपर्यंत टिकेल एवढा," सत्तूर खालच्या मानेने म्हणाला.

"मग उठा. दुपारपर्यंत कच्चं आहे. शिजवलं की माझं."

समोरच्या बेकरीवाल्याचा पाव सकाळीच भाजून व्हायचा, त्याची भट्टी गरम होती. सासूबाईंनी ती मागितली नाही, जाहीर केली. बोका अर्धं धड खांद्यावर टाकून रस्ता ओलांडायचा आणि गाड्या थांबायच्या. नवरा बटाटे सोलत होता, मी कांदे चिरत होते, माझ्याच दुकानातून आणलेला चष्मा लावून. आणि सत्तूर, ज्याला आयुष्यात कुणी कसं कापायचं ते सांगितलं नव्हतं, तो सासूबाईंच्या बाजूला उभा राहून कापत होता.

"सरळ नको. उरेब."

"म्हणजे?"

"तिरकं हो! पँट शिवत असता तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी काढलं असतं."

तो तिरकं कापायला लागला. मांड्या भट्टीत गेल्या. छाटण कुटून खिमा झाला, हाडं मोठ्या मोठ्या पातेल्यांत गेली. दुपारी वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला आणि लोक आपापली भांडी घेऊन आले. रांगेत सगळ्यांत आधी कोण, तर आमच्या खालच्या मजल्यावरचा, छत ठोकणारा. सासूबाई वाढत होत्या, प्रत्येकाला पातळ काप, भरपूर बटाटे. कुणी म्हणालं, "जरा जास्त घाला की." त्यांनी त्याच्याकडे फक्त बघितलं. त्याने भांडं मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फ्रिजांत ठेवलेलं थंड मटण पावातून संपलं, तिसऱ्या दिवशी कटलेट, आणि शेवटी सूप. काही वाया गेलं नाही. सगळं आवरल्यावर सत्तूरने सासूबाईंपुढे सुपाचं शेवटचं भांडं ठेवलं, त्याच्या तळाशी जेमतेम वाटीभर उरलेलं, आणि म्हणाला, "बोटाचं म्हणाल, तर लावायचो मी. पण फक्त तुमच्याच वेळी. तुम्ही भांडावं म्हणून."

"मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. आणि ते सूप दोन वाट्यांत ओतलं, मोजून मापून निम्मं.

तेव्हापासून मटणाच्या दुकानात डाव्या हाताला शिजवलेल्या पदार्थांचा काउंटर आहे. सासूबाईंनी कारखाना सोडून तो चालवला. गुडघे बोलायला लागले तेव्हा नणंदेने लॅब सोडून तो घेतला. तिचे काप जाडे असतात आणि गिऱ्हाइकं तिच्यावर खूश असतात. सासूबाई अधूनमधून काठी टेकत जातात, एक काप विकत घेतात, उजेडात धरून बघतात आणि मोठ्याने "सोफ्याची गादी" असं म्हणून घरी येतात. सत्तूर दर गुरुवारी आमच्याकडे जेवतो. त्याला आता मीठ बंद आहे, आणि सुपात मीठ आहे की नाही यावरून ते दोघं इतके भांडतात की सूप निवतं.

मागच्या महिन्यात बोक्याने लग्न केलं. मुलगी तलावावरच भेटलेली, बारीक, शांत, वर बघून हसणारी. पहिल्या दिवशी जेवायला बसली आणि हळूच म्हणाली, "आई, मी मांस खात नाही. लहानपणापासून."

बोक्याने आमच्याकडे विनवणीच्या नजरेने पाहिलं. सासरे खुर्चीत मागे सरकले. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली आणि तिच्याकडे निरखून बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तू वीस वर्षं आधी कुठे होतीस? एक अख्खा वाटा वाचला असता."

मग उठल्या, ओट्याशी गेल्या आणि नुसत्या बटाट्याचे कटलेट करायला घेतले. मुलीने पहिला खाल्ला आणि न विचारता दुसरा उचलला. मला माझा बुधवार आठवला. सासूबाईंनी थाळी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "घे, घे. बटाट्याला कोण विचारतंय?"